वरच्या बाजूची खूण

३ मार्च, रविवार

छोटे,

कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही, दुकान जागच्या जागी आहे. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर ते आधी मनातून काढ. पाकीट उघडलंस हेच खूप झालं. उघडलं नसशील तर मी भिंतीशी बोलते आहे, आणि त्याची मला आता चांगली सवय आहे.

लिहायचं कारण विचित्र आहे. मला गृहपाठ मिळालाय. या वयात!

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात ना, तिथे दर रविवारी सकाळी आम्ही पाच जणी जमतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकवतात, त्यांना सगळ्या नुसतं बाई म्हणतात. विषय काय, तर स्वभाव. आपला स्वभाव घासूनपुसून बरा कसा करायचा. आपल्या ज्यू गुरूंनी शेकडो वर्षं यावर लिहून ठेवलंय म्हणे. म्हणे काय, तेच ग्रंथ तू आणि मी शिवले, चिकटवले, दाबात घातले. आत काय लिहिलंय ते वाचायचं कधी सुचलं नाही. बाइंडर लोक असेच.

रीत अशी की प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत येईल तो गुण किंवा अवगुण घेऊन तेरा आठवडे बसायचं. मला वाटलं, नीटनेटकेपणा यावा, म्हणजे पहिल्याच दिवशी पास. चिठ्ठीत निघाला मत्सर. मी लगेच म्हटलं, "बाई, ही बदलून द्या. मला कोणाचा हेवा वाटत नाही. मी बरी आणि माझं दुकान बरं." बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला तेरा आठवडे सुट्टीच की." बाकीच्या चौघी फिदीफिदी हसल्या. त्यात ती औषधांच्या दुकानातली सगळ्यात जास्त.

गृहपाठ असा: जिचा हेवा वाटतो तिच्याबद्दल रोज एक चांगली गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगायची. एकच, आणि तीही छोटी. गुरूंचं म्हणणं, एकदम मोठं काही करायला गेलं की आपल्या आतला खोडसाळ जागा होतो आणि मोडता घालतो. इतकं थोडं करायचं की त्याच्या लक्षातच येऊ नये. मला ही युक्ती फार आवडली. मी समोरच्या झेरॉक्सवालीला निवडलं. तिचं कौतुक मला काही जड जात नाही. चार दिवस गिऱ्हाइकांना सांगत सुटले की तिची कागदं कशी सरळ येतात.

आज बाईंनी वहीत वाचलं आणि विचारलं, "ही झाली सोपी. जिचं चांगलं बोलताना घसा कोरडा पडतो, अशी कोण?"

मी म्हटलं, कोणी नाही. घरी आले आणि पाणी प्यायले. दोन ग्लास.

तू कशी आहेस? हाताचं काही काम करतेस का अजून? उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

ताई


१० मार्च, रविवार

छोटे,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, पत्र पोचलं, तिने वाचलं आणि घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. फाडलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. भला माणूस आहे. मी तुझ्या लग्नात त्याच्याबद्दल काय काय बोलले होते ते आठवून कान गरम झाले.

मग त्याने आणखी एक सांगितलं. बोलता बोलता, सहज. की लेकीच्या वह्या-पुस्तकांना कव्हरंसुद्धा शेजारच्या काकू घालून देतात. "हिला म्हटलं तर म्हणते, माझ्या हाताला ते जमत नाही."

तुझ्या हाताला कव्हर घालायला जमत नाही? तुझ्या?

आज वर्गात बाईंनी जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट काढली. धाकट्याची भेट देवाने स्वीकारली, थोरल्याची नाही, आणि थोरल्याने पुढे त्याचा जीव घेतला ते तू जाणतेस. पण बाईंनी एका जागी बोट ठेवलं. थोरला जळफळत उभा असतो तेव्हा देव त्याला झापत नाही. आधी विचारतो, तुझा चेहरा का उतरलाय? चक्क प्रश्न! आणि गंमत म्हणजे थोरला उत्तर देत नाही. बाई म्हणाल्या, तो तिथे बोलला असता तर पुढचं टळलं असतं का, याचा विचार करून या.

मी आठवडाभर वाट बघणार नव्हते. दुकान उघडलं, टेबलाशी बसले आणि स्वतःला विचारलं: बये, तुझा चेहरा नेमका कधी उतरला?

आणि मला दिवससुद्धा आठवला. तू सोळाची, मी बावीसची. तू पहिल्यांदा चामड्याची कड वळवलीस. मी तीन वर्षं ती कड वळवत होते आणि माझी कोपऱ्यात चुणी पडायचीच. तुझी पडली नाही. बाबांनी कोपरा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "हिच्या हाताला कळतं." एवढंच. मला ते कधी काही वाईट बोलले नाहीत, कबूल. मला म्हणायचे, "तू आहेस म्हणून दुकान चालतं." पण दुकान चालणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. मग त्यांनी त्यांची कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी तुला दिली आणि मला दुकानाच्या किल्ल्या दिल्या. तू त्या पट्टीने कागद दाबायचीस आणि माझ्या पोटात दुखायचं. खरंखुरं दुखायचं, ओवा खायचे मी त्यावर.

तर घे. लिहिलं एकदाचं. मला तुझा हेवा वाटायचा. आणि मला आता कुतूहल वाटतंय की तू चांगली कड वळवलीस यात माझं नेमकं काय गेलं? बाई म्हणतात, मत्सराचा हिशोबच चुकीचा असतो. दुसऱ्याच्या ताटात पडलं ते आपल्याच ताटातून उचललं असं तो धरून चालतो. पण बाबांनी माझ्या ताटातून काही उचलून तुला दिलं नव्हतं. मग मला उपाशी का वाटायचं? हे मला अजून उमगलेलं नाही.

आज गृहपाठ म्हणून औषधवालीला सांगितलं, "माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चांगली बाइंडर होती." घसा कोरडा पडला. ती म्हणाली, "होती म्हणजे?"

ताई


२६ मार्च, मंगळवार

छोटे,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन चुलीत गेली.

आमच्या वर्गात मोठा वाद झाला. प्रश्न असा की मत्सरापोटी आपण एखादीचं वाईट केलं आणि तिला ते माहीतच नसेल, तर जाऊन सांगायचं का? एका गुरूचं म्हणणं, सांगायचं आणि माफी मागायची, त्याशिवाय सुटका नाही. माणसाचा अपराध देवसुद्धा परस्पर माफ करत नाही. दुसरे गुरू म्हणतात, थांबा. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या काळजात नवा काटा रुतवायचा, हा कुठला न्याय? मला दुसरे गुरू एकदम पटले. किती समजूतदार माणूस! बाईंना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तिला जुना काटा रुतून बसलेला नसेल तर दुसऱ्या गुरूंचं ऐका."

मला वह्यांची कव्हरं आठवली.

बाई म्हणतात, कबुली देताना सगळं मांडायचं, समोरच्याला माहीत असलं तरी. तर ऐक. अकरा वर्षांपूर्वी सिनेगॉगच्या वाचनाच्या मेजावरचं मोठं हिब्रू प्रार्थनापुस्तक आपल्याकडे आलं होतं. बाबांनी शिवण केली, मी कडा कापल्या, कव्हर तुझं. त्यावरची सोनेरी अक्षरं तू नऊ दिवस बसून उठवलीस. पुस्तकाच्या पाठीला ओली खळ होती, त्यामुळे बाबांच्या नियमाप्रमाणे ते उघडून बघायचं नव्हतं. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून बाबा पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिल टोचून एक टिंब करायचे. त्या टिंबाच्या भरवशावर कव्हर चढायचं.

तुझ्या हातात पुस्तक आलं तेव्हा टिंब नव्हतं. ते मी खोडलं होतं. कापायच्या रेघा खोडताना त्यांच्याबरोबर तेही गेलं. सवयीने, हात चालत होता. तू कव्हर चढवलंस आणि पुस्तक आत उलटं बसलं, डोकं खाली, पाय वर.

शनिवारची सकाळ, सगळे जमलेले, वाचककाकांनी मेजावर पुस्तक ठेवलं, सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला आणि उघडलं, तर शेवटचं पान, तेही उलटं. पवित्र पुस्तक उलटं दिसलं तर आपण परक्या घरातसुद्धा उठून सरळ करतो, आणि इथे तर सरळ करायची सोयच नव्हती. कोणीतरी हसलं. बाबांनी मान खाली घातली. तू उभी होतीस, बावीस वर्षांची, पांढरीफटक. मी तुझ्या शेजारीच होते.

खळ पाण्याने सुटते. बाबा दुसऱ्या दिवशी कव्हर काढून देऊ शकले असते. पण ते म्हणाले, "जिने लावलंय तीच काढेल." त्यांना वाटलं, तू चार दिवसांनी येशील. तू पट्टी टेबलावर ठेवून गेलीस ती गेलीस. पुस्तक अजून तसंच आहे. वाचककाका कव्हर उलटं धरून आत बरोबर वाचतात. नवीन कोणी आलं की ते मेजावरचं पुस्तक सरळ करायला धावतं, मग जुने लोक त्याला थांबवतात आणि सांगतात, हे धाकटीचं काम. अकरा वर्षं दर शनिवारी मी हे ऐकते.

चूक तुझ्या हाताची नव्हती, छोटे. खूणच नव्हती. मी मान खाली घालून रेघा खोडत होते, माझं लक्ष नव्हतं. मला माफ कर.

ताई


७ एप्रिल, रविवार

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं आणि ते अजून तसंच आहे, तिरकं आणि घाईतलं. एकच ओळ. मी ती इतक्यांदा वाचलीय की कार्डाचा कोपरा मऊ झालाय.

"ताई, मी पुस्तक हातात धरून तुला विचारलं होतं, वरची बाजू अशीच ना? तू 'हं' म्हणालीस तेव्हा वर बघितलं होतंस का?"

मागच्या पत्रात मी हे गाळलं. मला वाटलं, तू विसरली असशील. खोटं आहे. मला वाटलं, तू विसरली असशील तर किती बरं होईल.

हो. बघितलं होतं.

टिंब सवयीने खोडलं गेलं, हे खरं आहे. पण तू विचारलंस तेव्हा मी वर बघितलं. कडा मीच कापल्या होत्या, खालची कड जरा खरखरीत होती हे मला माहीत होतं, आणि ती खरखरीत कड मला वर दिसली. मला दिसलं, कळलं, आणि मी "हं" म्हणाले. ते कितीसं होतं? एक श्वास. मी काही ठरवलं नव्हतं. मला एवढंच वाटलं, की बघू तरी, हिच्या हाताला कळतं का.

मग दुपार होती, संध्याकाळ होती, पुस्तक दाबात होतं, खळ ओली होती. सांगायला पूर्ण एक दिवस होता. मी मूग गिळून बसले. ते 'हं' एका श्वासाचं असेल, पण तो दिवस एका श्वासाचा नव्हता. त्याला मी काय म्हणू?

काल कार्ड घेऊन बाईंकडे गेले. नाव नाही, गाव नाही, नुसतं सांगितलं की अशा अशा दोघी बहिणी होत्या. त्यांनी मला दुसऱ्याच दोघी बहिणींची गोष्ट सांगितली, आपल्या आदिमातांची. धाकटीचं लग्न ठरलेलं. बाप लबाड, तो बुरख्याआड थोरलीला उभी करणार हे धाकटीला कळलं. नवऱ्याने आणि तिने आधीच आपसांत खुणा ठरवल्या होत्या, फसवणूक ओळखू यावी म्हणून. धाकटीने त्या खुणा थोरलीला सांगून टाकल्या. का, तर चारचौघांत बहिणीची शोभा होऊ नये. स्वतःचं लग्न मोडत होतं, जीव जळत असणार, तरी.

ऐकताना मी स्वतःला त्या धाकटीशेजारी ठेवून बघत होते. तिने खूण दिली आणि मी खूण पुसली, तिने बहिणीला वाचवलं आणि मी बुडवलं. रडू यायला लागलं आणि थोडं बरंही वाटलं, स्वतःला चांगलं फोडून काढलं की वाटतं तसं.

आणि मग रस्त्यात, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एवढी अकरा वर्षं कशी आंधळी राहिले? तुला आठवत होतं! त्या शनिवारी तू पांढरीफटक उभी होतीस तेव्हा तुला माहीत होतं की तू विचारलं होतंस आणि मी "हं" म्हणाले होते. बाबांनी घरी येऊन तुला विचारलं, "असं कसं झालं?" मी तिथेच होते, दाराला टेकून, जीव मुठीत धरून. तू म्हणालीस, "चुकलं माझं." एक वाक्य बोलली असतीस की ताईला विचारलं होतं, तर अर्धी मान माझी खाली गेली असती. तू बोलली नाहीस. बाबांना नाही, आईला नाही, नवऱ्यालाही नाही, त्याच्या आवाजावरून कळतं मला. बाबा गेले तेव्हा सुतकाचे सात दिवस आपण त्या ठेंगण्या स्टुलांवर शेजारी शेजारी बसलो, आल्यागेल्याशी बोललो, एकमेकींशी नाही, आणि तेव्हाही तू ते पोटातच ठेवलंस.

त्या गोष्टीतली धाकटी तू आहेस. मी नुसतं तिच्याबद्दल ऐकलं.

आणि तुला काय हवं होतं एवढ्या वर्षांत? फक्त एवढंच ना, की ताई चुकली की ताईने चुकवलं? पहिलं असेल तर हात दोघींचेही वाईट. दुसरं असेल तर बहीण वाईट. तू स्वतःच्या हाताला दोष देऊन बहीण वाचवलीस.

माफी तीनदा मागायची असते. मागची मी धरत नाही, ती अर्धी होती. ही पहिली. मी बघितलं होतं. मला माफ कर.

ताई


१४ एप्रिल, रविवार

छोटे,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी ते मागतही नाही. पण काय काय घडलं ते तुला कळायला हवं.

काल प्रार्थना संपल्यावर मी उठून उभी राहिले. म्हटलं, मेजावरच्या पुस्तकाबद्दल बोलायचंय. सगळं सांगितलं, टिंब, खरखरीत कड, "हं", सगळं. आवाज मध्येच बसला, तेव्हा औषधवालीने उठून माझ्या हातात पाणी दिलं आणि परत जाऊन बसली. कोणी हसलं नाही. त्या दिवशी जो हसला होता तो दुकानवाला पहिल्या रांगेत होता आणि बुटांकडे बघत होता. वाचककाकांना आता ऐकू कमी येतं, त्यांना सगळं दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. एवढी लाज एकदा पुरली नव्हती म्हणून दोनदा! ऐकून ते म्हणाले, "म्हणजे अक्षरं उठवणारीचं काम चोख होतं. मला वाटायचंच." मग पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

आज सकाळी दहा जण घेऊन बाबांच्या कबरीपाशी गेले, गेलेल्याची माफी तशीच मागायची असते. तिथे काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे.

आता दुकानात बसले आहे आणि पुस्तक समोर आहे. कव्हर मी काढलेलं नाही, बाबांचा शब्द आहे. फक्त मागच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा (पुस्तक उलटं, म्हणून पहिल्या पानाचा वरचा कोपरा तिथेच चिकटलाय) ओल्या कापसाने दोन बोटं सोडवला, कारण मला राहवेना. मला बघायचं होतं. बाबांची खळ इतक्या वर्षांनी पाण्याला लगेच ऐकते, म्हणूनच ते सरसाचा पक्का गोंद हातात धरत नसत. कागद उचलला, खिडकीशी तिरका धरला. शिसं गेलंय, पण पेन्सिलीच्या टोकाचा खळगा तसाच आहे. मी फक्त काळेपणा पुसला होता.

एक सांगू? बाईंनी विचारलं, मत्सर गेला का? मी म्हटलं, नाही हो. काल सगळे तुझ्या अक्षरांचं कौतुक करत होते आणि माझ्या पोटात बारीकसं दुखलंच. मला तर हसू आलं. म्हटलं, आलास का, बस तिकडे, मला काम आहे.

तर काम असं आहे. त्याच खळग्यात मी पेन्सिल टोचून पुन्हा टिंब केलंय. पाणी आणि कापूस ठेवलाय, खळ तू आलीस की ताजी करेन. हाडाची पट्टी टेबलावर आहे, जिथे ठेवून गेली होतीस तिथेच. मी अकरा वर्षं ती वापरली आणि माझी चुणी अजून पडते.

दुसऱ्यांदा मागते, माफ कर. तिसरी मी तोंडाने मागेन.

ये. लेकीच्या वह्या घेऊन ये. टिंब आहे, तुला कोणाला काही विचारायची गरज नाही. तरी पुस्तक हातात धरलंस की एकदा विचार, "ताई, अशीच ना?"

मी बघून सांगेन.

ताई